हद्दीतल्या शेताला बंदुकीचा परवाना: काढावा का?

पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना काढावा का, हा प्रश्न आता खेड्यातल्या शेतकऱ्यापेक्षा शहराला चिकटलेल्या शेतकऱ्याकडून जास्त येतो. सातारा-देवळाई छत्रपती संभाजीनगरच्या हद्दीत आलं. लातूर आणि परभणी 2011 मध्ये महापालिका झाल्या, जालना 2023 मध्ये. प्लॉटिंग वाढलं तरी मधेमधे मका, हरभरा, भुईमूग, ऊस उभा असतोच. रानडुकरं रात्री ओढ्यानं येतात आणि पहाटेपर्यंत अर्धा एकर उकरून जातात. म्हणून परवान्याची ही सगळी सेवा, म्हणजे अर्ज, चौकशी, बंदूक, वनखात्याची परवानगी, आणि तिच्याऐवजी बाजारात मिळणारी साधनं, पिकाच्या राखणीला किती उपयोगी पडतात ते इथे मांडतो. निकाल आधीच सांगतो: महापालिकेच्या हद्दीतल्या शेतासाठी नवीन परवाना काढू नका. पैसा झटका मशीनमध्ये, म्हणजे तारेत विजेचा क्षणिक ठोका सोडणाऱ्या कुंपणात घाला. का, ते पुढे.

हद्दवाढ झाली की महापालिकेच्या सभागृहात दोन मागण्या हमखास होतात. एक बाजू म्हणते, शहरात गोळीबार नको, हद्दीत बंदुकीला बंदी घाला. दुसरी म्हणते, पीक जातंय, शेतकऱ्याला मारायची मुभा द्या. दोन्ही बाजूंची कळकळ खरी आहे, पण दोन्ही चुकीच्या दारात उभ्या आहेत. शस्त्रं आणि दारूगोळा हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीतला पाचवा विषय आहे. वन्यप्राणी समवर्ती यादीत आहेत, म्हणजे तिथे केंद्र आणि राज्य. महापालिकेला परवाना देता येत नाही, रद्द करता येत नाही आणि शिकारीला हो किंवा नाही म्हणता येत नाही. ठराव झाला तर तो शिफारस म्हणून कलेक्टर कचेरीत जातो, एवढंच. परवाना देतो जिल्हाधिकारी. संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे तिथे पोलीस आयुक्त. आधी जिल्ह्याकडे असलेलं शेत आयुक्तालयाच्या हद्दीत आलं असेल, तर जुन्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज कुठे द्यायचा ते आधी विचारून घ्या. चुकीच्या टेबलावर पडलेला अर्ज महिनोन्महिने तसाच राहतो.

आता परवाना. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 13 शेतकऱ्याच्या बाजूचं आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो द्यावा, असं कायदाच म्हणतो. ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर किमान 20 इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, देता येते. कलम 14 खाली नाकारायचं तर कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या नकाराविरुद्ध 30 दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. कागदावर ही सेवा चांगली आहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा, 'ए-1' नमुन्यात. वय 21 पूर्ण हवं. सोबत ओळख आणि रहिवासाचा पुरावा, फोटो, 'एस-3' नमुन्यातला शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला, बंदूक हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात कुलूपबंद ठेवण्याची हमी. पीकसंरक्षणासाठी सातबारा आणि आठ-अ. ऑनलाइन पावतीची प्रिंट आणि सगळे कागद गृह शाखेत नेऊन द्यायचे आणि आवक क्रमांक घ्यायचा. आवक क्रमांकाशिवाय परत येऊ नका. नियमात पोलीस अहवालाला 30 दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला 60 दिवस आहेत. अहवाल ठाण्यातून उपविभागात, तिथून अधीक्षक कार्यालयात फिरतो, आणि प्रत्येक टेबलावर थांबतो.

हद्दीतल्या शेतकऱ्याचा अर्ज अडतो तो बहुतेक वेळा जमिनीच्या कागदावर. सिटी सर्व्हे झाला की सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका येते, आणि मिळकत पत्रिकेवर पीक दिसत नाही. मग 'इथे शेती आहे कुठे?' अशी शंका अहवालात लिहून येते. त्यावर उपाय एकच: सातबारा चालू आहे तोवर प्रत्येक हंगामात ई-पीक पाहणी स्वतः नोंदवा, अगदी धुऱ्यावरच्या तुरीच्या ओळीसकट, आणि मागच्या नुकसानीच्या पंचनाम्यांच्या नकला जपून ठेवा. पीकसंरक्षण हे कारण ज्या अर्जात नुसतं लिहिलेलं असतं आणि ज्यात पंचनाम्यानं सिद्ध केलेलं असतं, त्या दोन अर्जांचा प्रवास फार वेगळा होतो.

परवाना मिळाला तर 5 वर्षांचा असतो. 2019 च्या दुरुस्तीनं मुदत 3 ची 5 केली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त 2 बंदुका असं ठरवलं. वडिलांची बंदूक घरात असेल तर नव्या अर्जापेक्षा वारसाचा रस्ता बरा. परवानाधारक वारला, किंवा त्यानं सत्तरी ओलांडली, किंवा 25 वर्षं परवाना बाळगला, तर शस्त्र नियम 2016 प्रमाणे तो वारसाच्या नावे होऊ शकतो. वडील वारल्यावर बंदूक माळवदावर तशीच ठेवून देणं मात्र थेट गुन्हा होतो. आधी ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करा, पावती घ्या, मग वारसाचा अर्ज करा.

जुनी बारा बोअर असेल तर एक गोष्ट आधी तपासा. जुन्या बंदुकांची काडतुसाची खोबण 65 मिलिमीटरची असते आणि आज बाजारात 70 मिलिमीटरची काडतुसं सहज मिळतात. 70 चं काडतूस 65 च्या खोबणीत आत जातं, म्हणून ते चालतं असं वाटतं. पण उडाल्यावर त्याच्या तोंडाला उलगडायला जागा उरत नाही, दाब वाढतो आणि नळी फुगते किंवा फाटते. नळीवर, बहुधा खालच्या बाजूला, हा आकडा ठोकलेला असतो. आकडा वाचता येत नसेल तर शस्त्रदुरुस्तीच्या परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं घेतानाही पेटीवरचा मिलिमीटरचा आकडा वाचूनच पैसे द्या.

ठासणीची बंदूक तर पावसाळ्यात भरवशाचीच नाही. दारू ओल धरते, टोपी उडते पण बार उडत नाही. असं झालं की नळी मातीच्या ढिगाकडे धरून किमान एक मिनिट तसंच थांबायचं, कारण बार उशिरानंही उडतो. दर बाराला पुन्हा दारू, बुच, छर्रे ठासायला मिनिट जातं, आणि तोवर कळप पुढच्या शेतात. जखमी रानडुक्कर उसात शिरलं की सकाळी पाणी द्यायला जाणाऱ्या माणसावर ते धावून येतं, हे वेगळंच.

आणि जागल करतो कोण? बहुतेक ठिकाणी सालगडी. परवाना मालकाच्या नावावर असेल तर सालगड्याला ती बंदूक चालवता येत नाही, नुसती घेऊन शेतातल्या आखाड्यावर बसताही येत नाही. परवान्यावर त्याचं नाव रीतसर नोंदवलेलं असेल तरच. शेतावर बंदुकीचा उपयोग ज्याला करायचा, त्याच्याच हातात ती देता येत नाही. सेवेतली ही सगळ्यात मोठी उणीव.

त्यात निवडणूक लागली की बंदूक जमा करण्याची नोटीस येते. हरभऱ्याला घाटे लागायच्या दिवसांत बंदूक ठाण्याच्या कोठारात पडून राहते. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) खालचे मनाई आदेश आहेतच. एक आदेश बहुधा 15 दिवसांचा, पण सण, जयंत्या, मोर्चे यांच्या निमित्तानं पाठोपाठ निघतात. हे आदेश जिल्ह्याच्या संकेतस्थळावर असतात. बंदूक घराबाहेर काढण्याआधी चालू आदेशाचा मजकूर वाचा. कोणाला सूट आहे ते त्यातच लिहिलेलं असतं.

बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याचा परवाना असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चं कलम 9 शिकार बंद करतं. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली परवानगी मिळते, ती वनखात्याची. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, दोन्ही अनुसूची 2 मध्ये आहेत. राज्याच्या जुलै 2015 च्या शासन निर्णयानं या दोन प्राण्यांसाठी परवानगीचा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला दिला आणि 24 तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, अशी तरतूद केली. शेतकऱ्याच्या सोयीचा एवढा स्पष्ट निर्णय क्वचितच निघतो, आणि त्याचं श्रेय दिलं पाहिजे. मात्र ही 24 तासांची मुदत अर्ज पोचल्याच्या पावतीपासून मोजली जाते. पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घ्या. नुसत्या शिक्क्यावर वेळ नसते, आणि उद्या चौकशी झाली तर वेळच विचारतात.

ही सवलत फक्त रानडुक्कर आणि रोह्याला. काळवीट अनुसूची 1 मध्ये आहे, मोरही. बीड, धाराशिव, लातूरकडे ज्वारीत काळविटांचे कळप उतरतात, त्यांच्यावर बंदूक रोखणं म्हणजे तुरुंगाची वाट. रात्री बॅटरीच्या उजेडात डोळे तेवढे चमकतात, प्राणी कोणता ते कळत नाही. बिबट्याची तर गोष्टच नको. जुलै 2024 मध्ये संभाजीनगरच्या उल्कानगरीत बिबट्या दिसला तेव्हा 'कुणीतरी बंदूक काढा' असं बोललं गेलं, पण बिबट्याबाबतचा निर्णय फक्त मुख्य वन्यजीव रक्षकांचा. फासे, विष, विजेचा प्रवाह, गावठी बॉम्ब यांना कुठल्याच परवानगीनं मुभा मिळत नाही. गावठी बॉम्बनं बैल आणि कुत्र्यांचे जबडे फुटतात, आणि तो ठेवणाऱ्यावर स्फोटकांचाही गुन्हा लागतो.

हद्दीच्या आत मोकाट डुकरांचा घोळ असतो. रानडुकराच्या पाठीवर ताठ आयाळ असते, मागचा भाग निमुळता, शेपूट सरळ, पिल्लांच्या अंगावर पट्टे. मोकाट डुकराची शेपूट वळलेली, पोट लोंबतं. पण दोघांचा संकर झालेला असेल तर नजरेनं सांगणं अवघड. मोकाट डुक्कर वन्यप्राणी नाही, ते कुणाच्या तरी मालकीचं असतं, आणि त्याला गोळी घातली तर मालमत्तेच्या नुकसानीचा आणि प्राणी-क्रौर्याचा प्रश्न येतो. आणि हेच काम खरोखर महापालिकेचं आहे: मोकाट डुकरं उचलणं, कचऱ्याचे ढीग आणि हॉटेलांचं उरलेलं अन्न शेताच्या कडेला पडू न देणं, ओढ्यातली वेडी बाभूळ काढणं. डुकरं दिवसा त्याच बाभळीत बसतात. सभागृहात बंदुकीवर बोलण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा ओढा साफ करण्याच्या ठरावाला दिला तर शेतकऱ्याला त्याच हंगामात फरक दिसेल.

गोळी किती लांब जाते ते पाहू. चार नंबरचा छर्रा साधारण अडीचशे मीटर जातो. डुकरासाठी लोक वापरतात तो एलजी, म्हणजे मोठा छर्रा, सातशे मीटरपर्यंत. प्राणी पडेल असं अंतर मात्र तीस-चाळीस मीटरच. म्हणजे नेम चुकला तर उरलेला पल्ला लेआउटमधल्या घरांचा, रस्त्याचा आणि विहिरीवरच्या माणसाचा. हद्दीतल्या शेतात सातशे मीटर मोकळी दिशा सापडत नाही. माचाणावरून खाली जमिनीत मारली तर छर्रा मातीत जातो हे खरं, पण मुरमाड किंवा दगडी रानात तो उसळतो. निष्काळजीपणानं किंवा आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात आणला, तर 2019 पासून शस्त्र अधिनियमाच्या कलम 25(9) खाली 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून आमच्या मते हद्दीच्या आत वनखात्यानं परवानगी दिली तरी शेतकऱ्यानं स्वतः गोळी झाडू नये. खात्याच्या पथकाला बोलवावं आणि त्या रात्री आजूबाजूच्या घरांना कळवावं. परवान्याच्या सेवेला खेड्यातल्या सलग शिवारासाठी पाचपैकी तीन, हद्दीतल्या शेतासाठी पाचपैकी एक.

मोंढ्यात मिळणाऱ्या आवाजाच्या साधनांबद्दल थोडक्यात. ठरावीक वेळानं बार काढणारी गॅस बंदूक पहिले आठ-दहा दिवस काम करते. जागा आणि वेळ बदलत राहिलं नाही तर डुकरं तिच्या शेजारी उकरतात. त्यात रात्री 10 ते सकाळी 6 निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, त्यामुळे हद्दीत पहिली तक्रार शेजारच्या कॉलनीतूनच होते. घरगुती सिलेंडर तिला जोडणं हाही नियमभंग. कार्बाइडची पाइप बंदूक तर घेऊच नका. ती पेटली नाही की माणूस नळीत डोकावतो आणि नेमकी तेव्हाच उडते. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशाच नळ्यांनी कितीतरी लेकरांचे डोळे गेले. आत उरलेला चुना डोळ्यात गेला तर किमान 15 ते 20 मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि थेट नेत्ररुग्णालय गाठायचं, चोळायचं नाही.

आता झटका मशीन. बॅटरीवर चालणारं हे यंत्र तारेत दर सेकंद-सव्वा सेकंदाला उच्च दाबाचा एक क्षणिक ठोका सोडतं. दाब काही हजार व्होल्ट, पण ऊर्जा इतकी कमी की माणूस, जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. विकत घेताना 'किती किलोमीटर चालतं' हे विचारू नका, दुकानदार वाटेल तो आकडा सांगतो. ठोक्याची ऊर्जा किती ज्यूल ते विचारा. आंतरराष्ट्रीय मानकाची कमाल मर्यादा 5 ज्यूल आहे. एक-दोन एकराला 1 ते 2 ज्यूल पुरतात. जे यंत्र महावितरणच्या लाइनवर थेट चालतं किंवा ज्याचा ठोका सलग येतो, ते यंत्र नव्हे, सापळा आहे. कुंपणात थेट वीज सोडून दरवर्षी माणसं मरतात, आणि मरणारा पुष्कळदा घरचाच असतो.

एका चौरस एकराचा घेर सुमारे 254 मीटर. डुकरासाठी तीन तारा, म्हणजे 760 मीटर. 2 मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेली) तार घेतली तर 19 किलो भरते, गाठी आणि ताण धरून 20 किलो घ्या. खांब 12 फुटांवर, म्हणजे 70 च्या आसपास, कोपऱ्याचे चार जाड आणि तिरका टेकू दिलेले. पहिली तार जमिनीपासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, दुसरी 40 वर, तिसरी 65 वर. पहिली तार एक फुटावर बांधणं ही नेहमीची चूक: डुक्कर नाक खाली घालून येतं, तार त्याच्या राठ केसांना लागते, झटका बसत नाही आणि ते पुढे घुसतं. झटका ओल्या नाकाला बसला पाहिजे. रोही असेल तर वर आणखी दोन तारा, पाच फुटांपर्यंत.

मशीन बंद पडल्याच्या बहुतेक तक्रारींत मशीन चांगलंच असतं, अर्थिंग गेलेलं असतं. सोबत मिळणारी वीतभर सळई फेकून द्या. 5 ते 6 फुटी जीआय पाइपचे तीन तुकडे, एकमेकांपासून 10 फुटांवर, पूर्ण ठोकून एकाच तारेनं जोडा. काळ्या रानात फेब्रुवारीनंतर भेगा पडतात आणि माती पाइपपासून सुटते. त्यासाठी पाइपभोवती कोळसा-मीठ भरून आठवड्याला दोन घागरी पाणी ओता, नाहीतर पाइप विहिरीजवळच्या ओलीत घ्या. बालाघाट डोंगररांगेच्या मुरमात एवढ्यानंही भागत नाही. तिथे मधली तार अर्थिंगला जोडा, म्हणजे प्राण्याचा दोन तारांना एकदम स्पर्श झाला की झटका पूर्ण बसतो.

तपासणी अशी: यंत्र बंद करून शंभर मीटर लांब लोखंडी सळया टेकवून तारेचा जमिनीशी संपर्क करा, यंत्र चालू करा आणि अर्थिंगच्या पाइपवर टेस्टर लावा. 300 व्होल्टच्या वर दिसलं तर पाइप वाढवा. मग सळया काढून तारेवर पाहा. डुकरासाठी किमान 5 हजार व्होल्ट हवेत. 3 हजारांच्या खाली गेलं की गवत तारेला टेकलंय समजा. पावसाळ्यात तारेखालची पट्टी दर पंधरवड्याला साफ करावी लागते, हे काम टाळता येत नाही. तारा लावल्या त्याच संध्याकाळपासून यंत्र चालू ठेवा. बिनझटक्याच्या तारेतून डुकरं एकदा गेली की पुढे झटका खाऊनही घुसतात. हद्दीतलं शेत असेल तर रस्त्याच्या बाजूला दर 10-15 मीटरला मराठीत पिवळी पाटी आणि घरांच्या बाजूला तारेच्या बाहेर साधी जाळी, म्हणजे पोरं चेंडू आणायला आली तर तारेपर्यंत पोचत नाहीत.

तरीही पीक गेलं, तर नुकसान दिसल्यापासून 3 दिवसांत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या. उकरलेल्या जागेचे, खुरांचे आणि विष्ठेचे फोटो फोनमधलं लोकेशन चालू ठेवून काढा आणि पंचनामा होईपर्यंत तेवढा तुकडा नांगरू नका. पंचनाम्यात 'डुक्कर' एवढंच लिहू देऊ नका. 'रानडुक्कर' असा शब्द आणि त्याची खूण, म्हणजे ठसे किंवा केस, लिहून घ्या. हद्दीतल्या शेताचा दावा मोकाट डुकरांच्या नावावर सगळ्यात लवकर फेटाळला जातो.